समेवरचा कट्

"या रविवारी दादाच्या तोंडून 'वा' निघाली नाही, तर नाव बदलीन," कानसेनांनी जाहीर केलं. नाव बदलायला कुणाचीच हरकत नव्हती. 'कानसेन' हेही लेकीनेच ठेवलेलं. गळा पहिल्यापासून परका, म्हणून संगीताची सगळी जबाबदारी बिचाऱ्या कानांनी उचलली होती.

दादा म्हणजे थोरले भाऊ, हाडांचे डॉक्टर. मागच्या खेपेला गाणी ऐकायच्या खोलीत बसून ते म्हणाले होते, "छान. पिंपात बसल्यासारखं वाटतं." तेव्हापासून कानसेनांना अन्न गोड लागत नव्हतं. ताटात काही उरत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

उपाय सोपा होता. भिंतींनी आवाज परतवायचा नाही, गिळायचा. आधी घरातले सगळे पडदे त्या खोलीत गेले आणि उरलेलं घर रस्त्याला उघडं पडलं. मग रजया गेल्या. मग गाद्या.

"अहो, आम्ही झोपायचं कशावर?" बायकोने विचारलं.

"कलेसाठी थोडी कळ सोसावी माणसाने."

"सोसतेय ना. पाठीत आहे."

पिंप गेलं खरं, पण भलतंच भूत निघालं. खोलीतल्या एकुलत्या खुर्चीत कानसेन डोळे मिटून बसले, की दर समेला कुठून तरी 'कट्' व्हायचं. जसजशी खोली शांत झाली, तसतसा कट् ठसठशीत झाला. सुताराने फळ्या ठोकून पाहिल्या आणि खांदे उडवले. मग लेक खुर्चीत बसली.

"बाबा, काही वाजत नाहीये."

"कान कच्चे आहेत तुझे. ऊठ." ते स्वतः बसले, पायाने ताल धरला. कट्. "ऐकलंस? डावी भिंत!"

डाव्या भिंतीवर लेकीची उशी गेली.

रविवारी दादा आले. खुर्ची त्यांना मिळाली, कानसेन शेजारी स्टुलावर. गाणं सुरू झालं. दादांनी डोळे मिटले, मान डोलू लागली. 'वा' आता ओठांपर्यंत आलीच होती. कानसेनांचा पाय आनंदाने हलू लागला.

कट्.

दादांचा एक डोळा उघडला.

कट्. दुसराही.

"भिंत आहे ती, दादा. अजून एक गादी लागेल."

"आता पायपुसणंच उरलंय," बायको दारातून म्हणाली.

दादांनी मुकाट्याने भावाचा उजवा गुडघा तळहाताने दाबून धरला. सम आली, गेली. खोलीत नुसतं गाणं. त्यांनी हात काढला.

कट्.

घरचाच माणूस फितूर निघावा, तसे कानसेन गुडघ्याकडे बघत राहिले.

"उद्या दवाखान्यात ये," दादा म्हणाले.

"येतो. पण दादा... खोली कशी वाटली?"

दादांनी चारी भिंतींवरून नजर फिरवली. "वा! इतका स्वच्छ गुडघा मी दवाखान्यातसुद्धा ऐकला नव्हता."

वा मिळाली. कानसेनांनी ती मान खाली घालून घेतली, आणि लेकीने तेवढ्यात आपली उशी.