पान चौऱ्याण्णव

उल्टन गेराटी गेला हे साऱ्या जिल्ह्याला बुधवारी सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी कळलं. जिल्हा रेडिओवर रोज त्याच वेळी मृत्युवार्ता वाचतात, आणि तेवढी पाच मिनिटं आयर्लंडमधल्या या रॉसकॉमनमध्ये कोणी चमचासुद्धा वाजवत नाही. वार्ता वाचणाऱ्या बाईंनी शांतपणे वाचलं, "कादंबरीकार, आणि आपल्या केंद्राचा बावीस वर्षांचा लाडका आवाज. त्यांच्या मागे एक बहीण, हजारो श्रोते आणि पती मॅलकी असा परिवार आहे."

मॅलकी टियर्नी टोस्टला लोणी लावत होता. हजारो श्रोत्यांच्या मागे आपला नंबर लागलेला ऐकून त्याचा हात थांबला. पण तक्रार कुणाकडे करणार? अंत्यविधीवाल्याने मजकूर विचारला तेव्हा "तुम्हाला बरं वाटेल ते लिहा" असं त्यानेच सांगितलं होतं.

तशी चूक जुनी होती आणि तीही त्याचीच होती. मॅलकी दूध काढायची यंत्रं दुरुस्त करायचा. रेडिओवरच्या पहिल्याच वर्षी उल्टनने सांगून टाकलं की आमचा मॅलकी अडेल गाईला गाणं म्हणून दाखवतो. त्यानंतर मॅलकी ज्या गोठ्यात जाई तिथे शेतकरी हाताची घडी घालून उभे राहत आणि म्हणत, "यंत्राचं राहू दे. आधी दोन ओळी होऊन जाऊ देत."

शेवटी एका संध्याकाळी त्याने घरी येऊन उल्टनला बजावलं, "मला रेडिओत घालायचं नाही. पुस्तकातही नाही."

"मग मी बोलू कशावर?" उल्टन म्हणाला.

"हवामानावर बोल."

उल्टनने शब्द पाळला. पुढची सगळी वर्षं मॅलकी जे काही करी ते रेडिओवर 'माझा एक मित्र' करू लागला. मित्राने छपरावरून मांजर उतरवलं, मित्राला बिशपसमोर उचकी लागली. ज्या गावात उल्टनची पहिली कादंबरी ग्रंथपालबाई टेबलाखालून देत असत, आणि मागणी इतकी की टेबलाचा खणच निखळला होता, त्याच गावात आता शुक्रवारी अकरा वाजता लोक त्या मित्राची वाट बघू लागले. हा मित्र कोण, यावर लोकांचं एकमत होतं. उल्टनच्या कादंबऱ्या रेडिओवर वाचून दाखवणारा, रेशमी आवाजाचा, रुपेरी केसांचा नट, कॉरमॅक डेलाहंट. शिवाय फार पूर्वी उल्टन आणि तो अकरा महिने एकत्र राहिले होते, हेही सगळ्यांना माहीत होतं.

मॅलकीला तर ते जरा जास्तच माहीत होतं.

अंत्यविधीनंतरच्या शुक्रवारी केंद्राने उल्टनच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला. निवेदिका ग्रॉनिया, पाहुणा कॉरमॅक आणि श्रोत्यांचे फोन. मॅलकीने ऐकायचं नाही असं ठरवलं आणि पावणेअकरालाच रेडिओ लावून बसला.

"तिसऱ्या कादंबरीचा तो प्रसिद्ध किस्सा सांगा ना," ग्रॉनिया म्हणाली. "हस्तलिखित गाडीच्या टपावर राहिलं होतं तो."

"अकिलचा किनारा," कॉरमॅक सुरू झाला. "सोसाट्याचा वारा. दोनशे अकरा पानं वाळूवर उडाली. मित्र कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि एकेक पान वेचून आणलं. फक्त पान चौऱ्याण्णव समुद्राने ठेवून घेतलं." इथे तो थांबला. थांबावं कुठे हे त्याला फार चांगलं कळायचं. "मी कधी बोललो नाही. पण त्या पाण्याचा गारवा अजून माझ्या गुडघ्यांत आहे."

मॅलकीने स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. संधिवाताची गोळी त्याने सकाळीच घेतली होती.

त्र्याण्णवनंतर एकदम पंच्याण्णव आल्यामुळे ती कादंबरी गाजली होती. डब्लिनच्या समीक्षकांनी त्या जागेला 'धाडसी मौन' म्हटलं होतं आणि एका प्राध्यापकाने त्या मौनावर अख्खा प्रबंध लिहिला होता. उल्टन तो प्रबंध अंथरुणात मोठ्याने वाचायचा आणि दोघं हसून हसून बेजार व्हायचे.

मॅलकीने केंद्राला फोन लावला. पलीकडून मुलीने नाव विचारलं तेव्हा मात्र त्याची जीभ अडकली. रेडिओत यायचं नाही हा नियम त्याचा स्वतःचा होता. तोंडात येईल ते नाव त्याने सांगितलं, "एनिस किलबेन. लेट्रिमहून." आणि बोलणंही जमेल तितकं शेजारच्या लेट्रिम जिल्ह्याच्या धाटणीचं केलं.

"बोला एनिस," ग्रॉनिया म्हणाली.

"पान चौऱ्याण्णव समुद्रात गेलं नाही. मेंढीने खाल्लं."

"मेंढीने?"

"काळ्या तोंडाच्या. अर्धं खाऊन झालं होतं, उरलेलं ओढायला गेलो तर माझ्या बाहीलाही तोंड लावलं. आणि पाणी कमरेइतकं नव्हतं. घोट्याइतकं होतं."

"तुम्ही तिथे होतात?" कॉरमॅकने विचारलं. रेशमाला थोडी सुरकुती पडली होती.

"मी नव्हतो तर पानं कोणी वेचली? तू तर तेव्हा कॉर्कला नाटकात झाड झाला होतास."

"उल्टनने एनिस नावाच्या कुणाचा कधी उल्लेख केला नाही."

"तुझ्याबद्दलही तो घरी फारसं बोलायचा नाही."

"घरी?" ग्रॉनियाने हळूच विचारलं. "एनिस, तुम्ही उल्टनना किती जवळून ओळखत होतात?"

इथे फोन ठेवायला हवा होता. पण मॅलकीला चेव चढला होता. "सव्वीस वर्षं मी त्याला कवळी न लावता पाहिलंय," तो म्हणाला. "चहात पिशवी तशीच ठेवून प्यायचा. झोपताना पाय बाहेर काढायचा. एक शेवटची कादंबरी नीट होऊ दे, असं शेवटच्या रात्री मला म्हणाला. हे याला विचार, याला ठाऊक आहे का." मग त्याचा आवाज फुटला आणि त्याने फोन ठेवला.

रेडिओवर चार सेकंद काहीच वाजलं नाही. त्या केंद्राच्या इतिहासात असं पूर्वी फक्त वीज गेल्यावर झालं होतं.

वीस मिनिटांत शेजारच्या मिसेस लाव्हेल अंड्याची सँडविचं घेऊन दारात हजर. त्यांनी मॅलकीचा हात दोन्ही हातांत घेतला. "ऐकलंस ना रे?"

"ऐकलं."

"सव्वीस वर्षं. तुझ्या नाकाखाली. तू यंत्रं दुरुस्त करायला जायचास आणि इकडे तो," त्या चुकून सँडविचांनाच सांगत होत्या, मग त्याच्याकडे वळल्या, "आमचे हे पण तसलेच होते. कॅसलबारला होती एक. पण निदान ती रेडिओवर तरी आली नाही."

"मिसेस लाव्हेल, तो मीच होतो."

"कोण?"

"एनिस. फोन मी केला होता."

मिसेस लाव्हेलच्या डोळ्यांत पाणी आलं. "किती मोठं मन आहे रे तुझं. मेलेल्या माणसाची अब्रू राखायला स्वतःवर घेतोस." त्या गेल्या आणि मॅलकीचं मोठं मन त्यांनी दुपारपर्यंत गावभर पोचवलं. आता तो खरं सांगेल तितका लोकांना अधिक थोर वाटू लागला. खाटकाने त्याच्या मटणात एक जादा तुकडा घातला. एका शेतकऱ्याने तर गाणं म्हणायला न सांगता यंत्र दुरुस्त करू दिलं.

एनिसला मात्र पत्रं येऊ लागली. केंद्राकडे आलेली ती पत्रं ग्रॉनिया पुढच्या शुक्रवारी वाचून दाखवत होती. खरं प्रेम काय ते एनिसच्या आवाजात कळलं, असं एकीने लिहिलं होतं. मॅलकी ऐकत बसला आणि त्याला एनिसचा असा मत्सर वाटला की कॉरमॅकचा कधी वाटला नव्हता. सव्वीस वर्षं संसार केला मॅलकीने, चहाच्या पिशव्या उचलल्या मॅलकीने, आणि एका फोनवर सगळं घेऊन गेला हा लेट्रिमचा.

त्यात कॉरमॅकने रेडिओवर सुचवलं की महिना भरल्यावर चर्चमध्ये होणाऱ्या प्रार्थनेला, म्हणजे मिस्सेला, पुढच्या रांगेत एनिससाठी एक खुर्ची ठेवावी. फादरनी ठेवली. वर नावाची चिठ्ठी लावली.

मिस्सेच्या दिवशी चर्चमध्ये उभं राहायला जागा नव्हती. कोणी वेदीकडे बघत नव्हतं, सगळ्यांच्या माना दाराकडे. फादर दहा मिनिटं थांबले, दोनदा खोकले. मॅलकी त्या रिकाम्या खुर्चीशेजारी बसला होता. एकदा त्याने चिठ्ठी वाचली, मग पुन्हा वाचली. मग उठला आणि त्या खुर्चीवर जाऊन बसला.

मिसेस लाव्हेल मागून कुजबुजल्या, "अरे, ती त्याची जागा आहे."

"माहीत आहे."

त्यांनी मागच्या रांगेला वळून सांगितलं, "बघा बाई. जागा सोडायलासुद्धा तयार नाही, इतकं लागलंय बिचाऱ्याला."

मिस्सेनंतर बाहेर कॉरमॅक त्याच्यापाशी आला. रुपेरी केस, लांब कोट, आणि उजव्या हातात टोपी.

"लेट्रिमचा माणूस 'मेंढी' हा शब्द असा उच्चारत नाही," तो म्हणाला. "मी वर्षभर रंगमंचावर लेट्रिमचा होतो. तुझी नक्कल फार वाईट होती."

"म्हणजे तुला त्याच दिवशी कळलं?"

"पहिल्याच वाक्याला."

"मग बोलला का नाहीस?"

"सगळा जिल्हा एनिसचा हेवा करत होता, म्हणून मलाही सोबत होती. एनिस म्हणजे तू, हे लोकांना कळलं असतं तर हेवा करणारा मी एकटाच उरलो असतो." त्याने टोपी फिरवली. "अकरा महिन्यांत त्याने माझ्यासमोर एकदाही कवळी काढून ठेवली नाही, मॅलकी. खुर्चीचं मी सुचवलं. म्हटलं, बसतोस का बघू."

"बसलो."

"बसलास, पण कुणाला कळलं नाही. शुक्रवारी अकराला केंद्रावर फोन कर. स्वतःच्या नावाने. पानांचं मी सांगेन की माझी चूक झाली. बाकीचं तुलाच सांगावं लागेल."

"करतो," मॅलकी म्हणाला.

त्याला सहा शुक्रवार झाले. मॅलकीने अजून फोन केलेला नाही. रेडिओत यायचं नाही हा नियम एनिसने मोडला होता, त्याने नव्हे.