शेडमधला फोन

आमच्या शेजारच्या सुहास गुप्त्यांच्या बागेत अगदी शेवटी, कुंपणाला टेकून, एक लाकडी शेड होती आणि त्या शेडच्या भिंतीवर एक काळा फोन होता. बागेच्या शेडमध्ये लोक गवत कापायचं मशीन ठेवतात, मोडक्या खुर्च्या ठेवतात, नवऱ्याला ठेवतात. फोन कोणी ठेवत नाही. बरं, हा फोन बाहेरच्या जगाला जोडलेलाच नव्हता. त्याची वायर गुलाबांच्या मुळांशी पुरलेली होती आणि ती तीस पावलांवरच्या त्यांच्याच घरात जात होती. सहज हाक मारली तरी ऐकू येईल एवढंच ते अंतर.

"मग हाकच का मारत नाही कोणी?" मी पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून विचारलं होतं. आम्ही तेव्हा नुकतेच पुण्याहून कॉव्हेंट्रीला आलो होतो. माझा नवरा हॉस्पिटलात डॉक्टर आणि मी दिवसभर घरी, त्यामुळे शेजाऱ्यांच्या चौकशा करायला मला भरपूर वेळ होता.

"हाक नाही, वहिनी. फोन. फोन वाजला की मी येणार. दॅट्स द सिस्टिम," सुहासदादा म्हणाले.

सुहासदादा जन्माने कॉव्हेंट्रीचे, वय पंचेचाळीसच्या आसपास, सहा फूट उंच. धंदा लोकांना गाडी शिकवण्याचा. पण काय करता असं विचारलं, तर "रिलीफ पिचर, रिटायर्ड" एवढंच सांगत आणि समोरच्याचा चेहरा बघत उभे राहत. समोरच्याला वाटायचं, हा काहीतरी प्लंबिंगमधला प्रकार असावा.

मला त्यांनी तो प्रकार कुंपणावर टोमॅटो मांडून समजावला. बेसबॉलमध्ये चेंडू टाकतो तो पिचर. सामना एक जण सुरू करतो. तो दमला किंवा त्याची धुलाई व्हायला लागली, की त्याच्या जागी येतो तो रिलीफ पिचर. तोपर्यंत हा मैदानाच्या टोकाला, कुंपणाआड, एका बाकावर बसून असतो. त्या जागेला बुलपेन म्हणतात आणि तिथे भिंतीवर एक फोन असतो. फोन वाजला की उठायचं, हात गरम करायचा आणि दुसऱ्याने घातलेला घोळ निस्तरायला जायचं.

"हे तर लग्नघरातल्या धाकट्या जावेचं काम झालं," मी म्हटलं.

त्यांना ते इतकं पटलं की पुढे ते इथल्या मराठी मंडळात प्रत्येकाला तसंच समजावू लागले.

तरुणपणी हा माणूस मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाला असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेतल्या मुलांच्या कॅम्पवर काम करायला गेला. तिथे कुठूनतरी आलेला चेंडू त्याने सहज परत फेकला. तो एका कोचने पाहिला, आणि गुप्ते घराण्यातला होऊ घातलेला दुसरा डॉक्टर तिथेच संपला. पुढची सात वर्षं हा छोट्या छोट्या गावांतल्या छोट्या छोट्या संघांतून, बसने फिरत, दुसऱ्यांचे घोळ निस्तरत राहिला. मग परत आला. पण खेळ सुटला तरी सवयी सुटल्या नाहीत.

पहिली सवय उजव्या हाताची. पिचरचा हात गार पडून चालत नाही, म्हणून सुहासदादा बारा महिने उजव्या हातावर कार्डिगनची एकच बाही चढवून असत. दुसरी बाही पाठीवर लोंबत असायची. त्या हाताने ते पिशवी उचलत नसत, दार उघडत नसत, कोणाशी हात मिळवत नसत. "ही रेस्टिंग आहे," म्हणायचे. हात पुल्लिंगी आहे हे मी एकदा सांगून पाहिलं आणि मग नाद सोडला. हे सगळं एकवेळ ठीक, पण मंडळात तीर्थप्रसादसुद्धा ते डावा हात पुढे करून घ्यायचे. साठीच्या सगळ्या काकवा हादरायच्या. एकीने तर पंचामृताची पळी तशीच भांड्यात परत नेली होती.

दुसरी सवय, कुठेही सुरुवातीला न जाण्याची. वाढदिवस असो की बारसं, सगळे जमल्यावर अर्ध्या तासाने येणार, सगळ्यात मागे, फायर एक्झिटच्या शेजारी घडीची खुर्ची टाकून बसणार. जेवायला बोलावलं तर म्हणणार, "तुम्ही स्टार्ट करा." पण चार भांडी करपली, गॅस संपला, कोणाचं मूल टेबलाखाली अडकलं, असं झालं की मंडळी आपोआप मागे बघायची. मग हे शांतपणे उठून यायचे. माझ्या घरी एकदा चाळीस माणसांच्या पुरणपोळ्या होत्या आणि पुरण पातळ झालं. मी रडायच्या बेतात. हे पोळपाटासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "नो पॅनिक, वहिनी. वन बॅटर अ‍ॅट अ टाइम. एक पोळी बघायचा. बाकीच्या एकोणचाळीस नाहीच आहेत."

याच मंत्रावर त्यांनी मला गाडी शिकवली. कॉव्हेंट्रीचा रिंग रोड ज्यांनी पाहिला नाही त्यांना माझी अवस्था कळणार नाही. तिथे शिरणारे आणि बाहेर पडणारे एकाच वेळी एकमेकांच्या अंगावर येतात आणि वर हसून हात दाखवतात. मी डोळे मिटून घ्यायची. शेजारी सुहासदादांचे पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेकपासून चार इंचांवर असत, पण आठ महिन्यांत त्यांनी तो ब्रेक एकदाही दाबला नाही.

"दाबा ना हो!" मी ओरडले होते.

"तुम्ही बोलावल्याशिवाय मी येणार नाही. गेम तुमचा आहे."

अशाच एका धड्यात, लाल सिग्नलला, मी विचारलं, "मोठ्या संघात कधी खेळलात का हो?"

त्यांनी आरसा जरा नीट केला. मग म्हणाले, "नऊ दिवस वर होतो. त्यांचा एकाचा खांदा दुखत होता, म्हणून मला बोलावला. मोठा स्टेडियम, मोठा बुलपेन. रोज हात गरम करून बसायचो. फोन रोज वाजायचा. पण एकदापण माझ्यासाठी नाही. दहाव्या दिवशी त्याचा खांदा बरा झाला." सिग्नल हिरवा झाला. "आई शेजारच्या सगळ्यांना सांगत होती, हं. आप्पांचा तर फोन नाहीच. मिरर, सिग्नल, मग वळा."

मी वळले. मला खूप वाईट वाटलं होतं, पण मागे ट्रक होता.

आता आप्पांबद्दल सांगायला हवं, कारण त्या काळ्या फोनचं दुसरं टोक आप्पांच्या आरामखुर्चीशेजारी होतं. आप्पा म्हणजे सुहासदादांचे वडील, रिटायर्ड डॉक्टर, वय ऐंशीच्या पुढे, ताठ. मुलाने मेडिकल सोडलं तेव्हा ते एकच वाक्य बोलले होते, "चेंडू फेकायला माझा मुलगा हवा होता का त्यांना?" त्यानंतर बापलेकांत कामापुरतं बोलणं, तेही शक्यतो तिसऱ्यामार्फत. आई गेली आणि आप्पा मुलाच्या घरी राहायला आले. मुलगा सतत समोर असला तर त्यांना आवडणार नाही, म्हणून सुहासदादा मोकळा वेळ शेडमध्ये काढायचे आणि काही लागलं तर असावा म्हणून त्यांनी तो फोन बसवला होता. नुसतं बटण दाबायचं. आप्पांनी ते तीन वर्षांत एकदाही दाबलं नाही. फोनवर ते चष्म्याची डबी ठेवायचे. दूध संपलं तर काठीने खिडकी वाजवून मला बोलवायचे, "मंजिरी, त्याला सांग, दूध संपलंय." आणि तो म्हणजे तीस पावलांवर, शेडच्या दारात, माझ्याकडे बघत उभा.

"अहो, तुम्ही ऐकलंत ना?" मी म्हणायची.

"माझा फोन नाही वाजला," सुहासदादा म्हणायचे, आणि दूध आणायला जायचे.

आप्पांचा मान मंडळात मोठा. गणपतीची पूजा तेच सांगायचे, गेली तीस-पस्तीस वर्षं, पोथी न उघडता. आमच्याकडे गणपती चतुर्थीला नव्हे, तर शाळेचा हॉल मिळेल त्या शनिवारी बसायचा आणि स्मोक अलार्म वाजू नये म्हणून उदबत्ती एकच. पण आप्पांचा मंत्रोच्चार ऐकला की ही गैरसोय विसरायला व्हायचं. अलीकडे मात्र ते मला मधूनच सुहासदादांच्या आईच्या नावाने हाक मारू लागले होते. मागच्या वर्षी संकल्पात दोनदा अडखळले. अध्यक्ष जोगळेकर यांनी तेव्हाच ठरवलं, पुढच्या वर्षी पूजेची सीडी लावू. आणि हे आप्पांना सांगायचं काम त्यांनी सुहासदादांवर टाकलं.

"मी नाही सांगणार," सुहासदादा म्हणाले. "स्टँडमध्ये बसून पिचरला कोणी बाहेर काढत नाही. त्याने स्वतः बॉल दुसऱ्याच्या हातात द्यायचा असतो. हातात. फेकायचा नाही, खाली ठेवायचा नाही."

"आणि तो देईल कोणाच्या हातात?" जोगळेकर वैतागून म्हणाले. तरी आप्पांना या वर्षी शेवटची संधी द्यायची, अडले तर सीडी तयार ठेवायची, असं ठरलं. एवढ्या लोकांसमोर आप्पा अडले आणि मशीन सुरू झालं, तर ते परत घराबाहेर पडणार नाहीत, हे मला माहीत होतं आणि सुहासदादांनाही. त्या उन्हाळ्यात शेडमधून सतत काहीतरी पुटपुटल्याचा आवाज यायचा. मला वाटलं, एकटा माणूस आहे, आता स्वतःशी बोलायला लागला.

तो शनिवार आला. हॉल भरलेला. सुहासदादा अर्ध्या तासाने येऊन मागे, फायर एक्झिटपाशी, कार्डिगनची बाही चढवून. आप्पांनी सुरुवात झकास केली. प्राणप्रतिष्ठेला मूर्तीच्या छातीवर उजवा हात ठेवून मंत्र म्हणायचा असतो. आप्पांनी हात ठेवला, दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. आम्हाला वाटलं, श्वास घेताहेत. पण ते थांबलेच. पुन्हा पहिली ओळ म्हटली, पुन्हा तिथेच थांबले. हात मूर्तीवर तसाच.

जोगळेकर सीडी प्लेयरकडे सरकले. मी धावत मागे गेले. "उठा ना हो! तुम्ही तरी जा!"

सुहासदादा हलले नाहीत. चेहरा पांढरा पडला होता, पण खुर्ची सोडली नाही. "त्यांनी बोलवायला पाहिजे, वहिनी."

"आणि नाही बोलावलं तर?"

"तर मी बसून राहणार. तो गेम त्यांचा आहे."

मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं. आणि मग आप्पा, मागे वळून न बघता, मूर्तीकडेच तोंड करून, रोजच्या आवाजात म्हणाले, "सुहास, आहेस का रे?"

"आहे, आप्पा."

त्यांनी कार्डिगनची बाही काढली, खुर्चीवर ठेवली आणि चालत पुढे गेले. पळत नाही, सावकाश. आप्पांनी त्यांचा हात चाचपून धरला, मूर्तीवरच्या आपल्या हाताखाली सरकवला आणि मग आपला हात काढून घेतला.

"उजवाच आहे ना?" आप्पांनी विचारलं.

"उजवाच."

आणि सुहासदादांनी मंत्र म्हणायला सुरुवात केली. ज्या माणसाला हाताचं लिंग माहीत नाही, त्याने एकही अक्षर चुकवलं नाही. चढ तोच, उतार तोच. तिसऱ्या ओळीनंतर आप्पा दरवर्षी खाकरतात, तिथे हाही खाकरला. तेव्हा माझ्या लक्षात आलं. मंडळाच्या जुन्या पूजांच्या कॅसेट होत्या, त्यांत आप्पांचा आवाज होता, आणि शेडमध्ये बसून हा माणूस तोच आवाज ऐकत होता. मी रडले. जोगळेकरही रडले, पण त्यांनी ते उदबत्तीवर ढकललं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, मी कपडे वाळत घालत होते. सुहासदादा शेडच्या दाराशी बाकावर बसले होते, उजवा हात पुन्हा बाहीत. बापलेकांचं घरी आल्यावर काही बोलणं झालं का, हे विचारायचं माझ्या अगदी ओठांवर होतं. तेवढ्यात शेडमध्ये फोन वाजला.

माझ्या हातातला उशीचा अभ्रा खाली पडला. खिडकीत आप्पा दिसत होते, खुर्चीत ताठ बसलेले, रिसीव्हर कानाला, चष्म्याची डबी बाजूला ठेवलेली. बहुतेक चहाचंच काहीतरी असणार. सुहासदादा उठून आत गेले, फोनवर हात ठेवला आणि नुसते उभे राहिले. फोन वाजतच होता.

"अहो, उचला ना!" मी ओरडले. "आप्पा आहेत!"

"माहीत आहे," ते म्हणाले. त्यांनी वळून पाहिलं नाही. "वाजू दे जरा, वहिनी."