दोन खिडक्यांमधलं पोळं

गांधीलमाश्यांना मी अजिबात घाबरत नाही, हे आधीच सांगून टाकतो! निदान त्या रविवारी सकाळी नऊपर्यंत तरी घाबरत नव्हतो.

आमचं घर दुमजली. खाली आम्ही, वर दादा-वहिनी. मधे एक जिना आणि अकरा महिन्यांचा अबोला. झालं असं होतं, की वडिलांची जुनी सायकल दादानं मला न विचारता भंगारात दिली. मी एक बोललो, त्यानं चार ऐकवल्या. तेव्हापासून जिन्यात समोरासमोर आलो की दोघंही भिंतीचा रंग न्याहाळायचो.

आणि पोळं झालं ते नेमकं मधोमध! दादाच्या खिडकीखाली, आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीवर. आधी लिंबाएवढं होतं, बघता बघता नारळाएवढं झालं. ‘ते वरच्यांचं आहे,’ असा निरोप मी बायकोकरवी पाठवला. वहिनीकरवी उलट निरोप आला, ‘ते खालच्यांचं आहे!’

पंधरा दिवस खिडकी बंद. कांदा परतला की अख्खं घर खोकायचं.

“अहो, कुणीतरी माणूस बोलवा,” बायको म्हणाली.

“त्याला माणूस कशाला? मी आहे ना!”

“म्हणून तर म्हणतेय!”

मी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं. माझी योजना तयार होती. अंगात रेनकोट, डोक्यावर हेल्मेट, त्यावरून मच्छरदाणी. शिडीवर चढायचं, काठीला बांधलेलं पोतं पोळ्यावर अलगद चढवायचं आणि दोरी खेचायची. पोळं पोत्यात, विषय संपला!

शिडीच्या सातव्या पायरीवर मी श्वास रोखून उभा होतो. पोतं पोळ्यापासून वीतभर लांब. तेवढ्यात वरची खिडकी धाडकन उघडली आणि जळमटं काढायचा लांब झाडू खाली आला. वहिनीनंही वर तोच धोशा लावला होता, आणि दादानंही तोच मुहूर्त गाठला होता! त्यानं न बघताच सप्पकन झाडू हाणला.

अर्धं पोळं माझ्या हेल्मेटवर!

“अरे, अरे, अरे!” मी किंचाळलो.

“कोण आहे रे खाली?”

“मी! तुझा भाऊ!”

“कुठला?”

त्याला एकच भाऊ आहे हो!

माश्यांनी मात्र अगदी न्यायानं वाटणी केली. निम्म्या वर, निम्म्या खाली. मी शिडीवरून उडी मारून दाराकडे पळालो, तर बायकोनं आतून कडी लावलेली. म्हणून जिन्याकडे वळलो. वरून दादा गडगडत येत होता, मच्छरदाणी पांघरलेला, एखाद्या पळून निघालेल्या नवरीसारखा. आमची टक्कर झाली. दोन जाळ्यांचा एक गुंता झाला. तसेच लोळत आम्ही जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत शिरलो आणि दार ओढून घेतलं.

अंधारात दोघंही धापा टाकत होतो.

“लागलं का रे?” दादानं विचारलं.

“कानाला. तुला?”

“ओथाला.” त्याचा ओठ टम्म फुगला होता. मग हळूच म्हणाला, “थायकल इथंच अथायची.”

“काय असायची?”

“थायकल रे! बाबांची!”

मी गुंत्यातून हात सोडवायला लागलो.

“चुकलंच माझं,” तो म्हणाला. मी त्याचे थ सरळ करून सांगतो. “सगळी गंजली होती, म्हणून दिली. मग जीव राहिना. भंगारवाल्यामागे दोन गल्ल्या पळालो. तोवर त्यानं सगळं सुटं केलं होतं. घंटी तेवढी मिळाली. कपाटात आहे.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू बोलत कुठं होतास!”

मी हेल्मेट काढायला गेलो. ते अडकलं होतं, कान सुजल्यामुळे निघत नव्हतं. दादा ते ओढायला लागला.

“सोड, दुखतंय!” मी ओरडलो.

“गप उभा राहा, नाहीतर एक ठेवून देईन!”

बाहेर आमच्या बायका वेगळंच समजल्या. “अहो, सोडा एकमेकांना!” म्हणत त्यांनी दार उघडलं. समोर एकाच जाळीत गुरफटलेले दोन प्रौढ गृहस्थ, आणि एकाच्या हातात दुसऱ्याचं डोकं. आधी वहिनी हसली, मग बायको, मग आम्ही. हसताना दादाचा ओठ दुखत होता, तरी तो थांबेना.

संध्याकाळी उरलेलं पोळं काढायला एक माणूस आला. अंगरखा, जाळीची टोपी, सगळं व्यवस्थित. शिडीवर चढून म्हणाला, “फक्त शिडी घट्ट धरा. बाकी माझ्यावर सोडा.”

आम्ही भावाभावांनी खांद्याला खांदा लावून शिडी धरली. इतकी घट्ट, जणू अकरा महिन्यांची कसर भरून काढत होतो. तेवढ्यात माझ्या चांगल्या कानाजवळून काहीतरी गुणगुणत गेलं.

तो माणूस खाली कसा उतरला, ते आम्हाला सांगता येणार नाही. आम्ही तेव्हा जिन्याखालच्या खोलीत होतो, दार लावून. पोळं मात्र त्यानं काढलं.

बायको म्हणते, ती साधी घरमाशी होती.