सव्वीस नंबरच्या लेण्याचा चार्ज

अजिंठ्याच्या सव्वीस नंबरच्या लेण्याशी अभिमनराव पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. दीपनगरच्या वीज केंद्रात ते एकतीस वर्षं स्टोअरकीपर होते. तिथून लेणी दोन तासांवर, तरी महापरिनिर्वाणाची मूर्ती बघायची राहूनच गेली होती. निवृत्तीनंतर आज योग आला. आत जोडे चालत नाहीत, म्हणून एकाने जोडे राखायचे आणि दुसऱ्याने आत जायचं, असं ठरलं. पहिला मान रुक्माबाईंना, म्हणजे बायकोला मिळाला. आपली पाळी येईपर्यंत अभिमनराव जोडे काढून पायरीवर बसले.

बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही जोड टाचेला टाच लावून ठेवले. इथेच घात झाला. ती मांडणी बघून दोंडाईच्याचे कापडवाले दीपचंदशेठ आले आणि सहकुटुंब सात जोड ठेवून, "भाऊ, ध्यान ठेवा हं," म्हणत आत गेले. नऊ जोडांची रांग दिसल्यावर मागचेही थांबले. आपण इथले नाही हे सांगायला अभिमनरावांनी तोंड उघडलं, पण हात आधीच रांग सरळ करू लागले होते. मग शिदोरीचा कागद फाडून त्यांनी नंबराच्या चिठ्ठ्या केल्या. चिठ्ठी हरवलेल्या एका गृहस्थाकडून अर्जही लिहून घेतला.

रुक्माबाई बाहेर आल्या, चपला घातल्या आणि म्हणाल्या, "मी बसते. तुम्ही जा."

"अठ्ठेचाळीस जोड आहेत. मोजून दिल्याशिवाय चार्ज कसा देऊ?"

मोजणी सुरू झाली की कुणी जोडे न्यायला येई, कुणी ठेवायला. आकडा काही जमेना. असे पाच वाजून गेले. पहारेकरी पितांबरने शिट्टी मारली, माणसं आपापले जोडे घेऊन गेली आणि एक जोड तेवढा उरला. त्याची चिठ्ठीही नव्हती. पितांबर आत जाऊन बघून आला. आत कुणी नव्हतं. धनी सापडल्याशिवाय हलणार नाही, असं अभिमनरावांनी जाहीर केलं.

राग अनावर झाला की रुक्माबाई धुळ्याकडच्या माहेरच्या बोलीत शिरत. "तुम्हना पाय देखा," त्या म्हणाल्या. "हाऊ जोडा तुम्हनाच शे."

अभिमनरावांनी आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं आणि ते एकदम म्हातारे दिसू लागले. पितांबरला दया आली. "जा आबा, दोन मिनिटं. जोड्यांपाशी मी आहे."

ते दोन मिनिटांनी बाहेर आले तेव्हा डोळे ओले होते.

"कसं वाटलं?" रुक्माबाईंनी हळूच विचारलं.

"भगवंतांनी चार्ज द्यायला मागे काही ठेवलंच नाही बघ. म्हणून चेहरा एवढा शांत."

एवढं बोलून ते बसच्या दिशेने चालू लागले. जोडे रुक्माबाईंनी उचलले.