काळीचे नव्वद घोडे गेले कुठे?

"माझ्या नजरेखालून मुंगीसुद्धा ओळखपत्र दाखवल्याशिवाय जात नाही," असं आमचे मामा स्वतःबद्दल सांगतात. कालच त्यांनी हरवलेला चष्मा शोधायला मला बोलावलं होतं. तो त्यांच्या नाकावर होता. मी त्यांची भाची, पदार्थविज्ञानाची पदवीधर, आणि नोकरी लागेपर्यंत त्यांच्या हौशी हेरगिरीतली सहायक.

शेजारच्या दोघा भावांकडे वडिलांच्या दोन जुन्या मोटारी आहेत. थोरल्यांची काळी: सहा सिलिंडर, नव्वद अश्वशक्ती, वजन चौदाशे किलो. धाकट्यांची हिरवी: चार सिलिंडर, अठ्ठेचाळीस अश्वशक्ती, साडेनऊशे किलो. नवं गॅरेज मात्र एकाच मोटारीचं. ठरलं असं, की टेकडी जी आधी चढेल ती गॅरेजात, दुसरी विकायची. शक्तीला वजनाने भागलं तरी काळीच सरस, हे मी थोरल्यांना पटवून दिलं होतं. तरी घातपाताच्या धास्तीने त्यांनी मामांना बंदोबस्ताला नेमलं.

आणि शर्यतीत हिरवी वर पोचून थंडसुद्धा झाली, तेव्हा काळी अर्ध्या चढावर कण्हत थांबली होती.

"पेट्रोलमध्ये पाणी!" मामा गरजले.

मी बाटलीत थोडं काढून पाहिलं. पाणी नव्हतं.

"मग टेकडीत लोहचुंबक!"

"हिरवीही लोखंडाचीच आहे, मामा."

"तेच तर! चुंबक फितूर आहे."

धाकटे वरून चालत आले. "दादा, हार मान. गिऱ्हाईक बघू का?"

थोरले स्टीअरिंग धरून बसले होते. "बाबांनी मला हिच्यावरच शिकवलं रे," एवढंच म्हणाले.

तेवढ्यात त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, धापा टाकत चढ चढून आल्या. नवऱ्याला पाणी देता देता त्यांनी मोटारीत त्यांच्या पायांखाली पाहिलं.

"अहो, बैठकीतला गालिचा इथे काय करतोय? घर पालथं घातलं मी!"

"हात लावू नका, पुरावा आहे तो," मामा म्हणाले. "घातपात्याच्या बुटांचे ठसे उमटावेत म्हणून मीच अंथरलाय. चार घड्या घालून."

वहिनींनी तो सरळ खेचून काढला. थोरल्यांनी पाय दाबला, आणि काळीने अशी डरकाळी फोडली की मामा माझ्यामागे लपले. इतका वेळ अ‍ॅक्सिलरेटर गालिच्यावर टेकून अर्ध्यातच अडत होता.

शर्यत पुन्हा झाली. काळी हसत हसत जिंकली. धाकटे हिरवीचं बॉनेट पुसत राहिले. थोरले ऐटीत गॅरेजात शिरले. काळीचं नाक भिंतीला टेकलं आणि डिकी हातभर बाहेरच राहिली.

सिलिंडर, अश्वशक्ती, वजन, सगळं आम्ही ताडून पाहिलं होतं. लांबी कुणीच मोजली नव्हती. पदवीधरानेसुद्धा.

"हिरवी आत, काळी अंगणात," वहिनींनी निकाल दिला. "विकायचं काही नाही. पांघरायला गालिचा आहेच, तसाही बुटांनी माखलाय."

"चालेल," दोघे भाऊ एकदमच म्हणाले.

मामा मात्र भिंग घेऊन गॅरेजाच्या भिंतीपाशी रांगत होते.

"पोरी," ते कुजबुजले, "कुणीतरी गॅरेज आखूड केलंय."