मनुमेआ संरक्षण समारंभातला पाहुणचार

कोणत्याही गोष्टीचं रक्षण करायचं ठरलं, की सर्वप्रथम जेवणाची व्यवस्था करावी लागते. जेवणाशिवाय केलेलं संरक्षण लोकांच्या लक्षातच राहत नाही. सामोआतल्या सवाई बेटावरच्या फालेवाओ गावाला हे पूर्वापार ठाऊक आहे. म्हणूनच मनुमेआ या रानकबुतराला अभय देण्याचा ठराव गावसभेने सर्वानुमते मंजूर केला, तेव्हा त्याच्या लगतच्या कलमात चार डुकरांची तरतूदही झाली.

मनुमेआ हा देशाचा मानाचा पक्षी. त्याच्या खालच्या चोचीला करवतीसारखे दाते असतात. गावातल्या बहुतेकांनी तो नोटेवरच पाहिला होता (आणि नोट वीस तालांची असल्यामुळे तिथेही फार वेळ नाही). गेल्या वर्षीच्या गणनेत गावाने एकेचाळीस मनुमेआ नोंदवले. फेरतपासणीत निष्पन्न झालं ते असं, की एकच पक्षी ओरडत एकेचाळीस घरांवरून गेला होता आणि शेजाऱ्यापेक्षा कमी पडायची कुणाचीच तयारी नव्हती.

ठरावानुसार, मनुमेआ मारणाऱ्याला एक डुक्कर आणि डबाबंद मासळीची वीस खोकी दंड. अंमल शुक्रवारी सकाळी अकरापासून, म्हणजे फीत कापल्या क्षणापासून. फीत कापायला राजधानी आपियाहून वनखात्याच्या मोठ्या बाई तिलोमाई येणार होत्या. त्यांनी अकरा वर्षं मनुमेआचा अभ्यास केला होता. (पक्षी दिसला नसल्यामुळे अभ्यासात व्यत्यय आला नव्हता.) शिवाय बाईंच्या नावामागे सरदारकी होती, आणि खरी पंचाईत तिथेच झाली.

कारण सरदारकीच्या पाहुण्यापुढे फालेवाओत कबुतर वाढावंच लागतं. तेही डोक्यासकट. डोकं नसलं तर पाहुण्याला ती कोंबडी वाटू शकते, आणि सरदाराला कोंबडी वाढलेल्या गावाला पुढच्या तीन पिढ्या नावं ठेवली जातात. कबुतर वाचवण्याच्या जेवणात कबुतर असावं का, असा प्रश्न सभेत कुणी काढला नाही. काढला असता तर तो पोरकट ठरला असता.

ही जबाबदारी आली उलुगियावर. उलुगिया हा गावाचा वक्ता. गावाच्या वतीने जे काही बोलायचं ते लांब काठी टेकून तोच बोलायचा. ती काठी म्हणजे त्याचा जीव की प्राण. पानात कबुतर पडलं नाही तर काठी चुलतभावाकडे, मालाकीकडे जाईल, असं सभेने त्याला प्रेमाने बजावलं होतं. मालाकी तर महिनाभर बकऱ्यांसमोर भाषणाचा सराव करत होता.

गुरुवारी दुपारी उलुगियाच्या मेहुण्याने, इओसुआने, डोंगरावरून चार कबुतरं मारून आणली. एक बाईंना, एक गावच्या थोरल्या सरदारांना, एक पाद्रीबाबांना, एक बाईंसोबत येणाऱ्या परदेशी तज्ज्ञांना. हिशेब चोख जमला. उलुगिया निवांत झाला आणि भाषण पाठ करत बसला. पिसं काढता काढता त्याच्या बायकोने, फुआतिनोने, हाक मारली.

"अहो, ही चोच बघा जरा."

उलुगियाने बघितली. मग हातात घेतली आणि दात्यांवरून बोट फिरवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मनुमेआ पाहिला होता, तोही अर्धा सोललेला. त्याला लाज वाटली, अगदी मनापासून वाटली. आणि लाजेच्या पाठोपाठ काठी आठवली.

"डोकंच तोडून टाकते," फुआतिनो म्हणाली.

"तोडलंस तर बाई म्हणतील कोंबडी वाढली."

"मग हे वाढूच नका."

"मग उरली तीन. पाद्रीबाबांना काय घालू, भाषण?"

रात्रभर विचार करून त्याने ते पाखरू पाद्रीबाबांच्या नावे केलं, कारण त्यांचे डोळे प्रार्थनेत मिटतात आणि पान रिकामं झाल्यावरच उघडतात. पण मान वजनावर ठरतो, आणि मनुमेआ चारांत सर्वांत जाडजूड निघाला. थोरल्या सरदारांनी स्वतः ताटं फिरवून तो बाईंपुढे सरकवला. उलुगियाने घाईघाईने त्याच्या डोक्यावर अळूचं पान झाकलं. फीत कापून झाली होती. कायदा लागू होऊन दोन तास लोटले होते.

बाईंनी ते अळूचं पान उचललं. बराच वेळ त्या चोचीकडे पाहत राहिल्या. मग चष्मा लावला आणि दाते मोजले.

"उलुगिया, हे पाखरू कुठलं?"

"आपल्याच गावचं, बाईसाहेब. वरच्या रानातलं."

"नक्की?"

"अगदी नक्की."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ताट परत सारणं म्हणजे गावाचा अपमान, आणि सरदारकी घेतलेल्या माणसाला तो करता येत नाही. त्या रडत रडत जेवल्या. सगळं संपवलं. हात धुऊन वही काढली आणि लिहिलं: 'फालेवाओत मनुमेआचं अस्तित्व निर्विवाद सिद्ध. प्रत्यक्ष दर्शन: एक. निरीक्षणाचं अंतर: एक वीत. नमुना जतन करता आला नाही.' खात्याने गावाला आदर्श संरक्षक ग्राम जाहीर केलं. पक्षी मारला गेला गुरुवारी आणि कायदा आला शुक्रवारी, त्यामुळे दंड कुणालाच झाला नाही. काठी उलुगियाकडेच राहिली.

सहा महिन्यांनी खात्याचं पत्र आलं. अस्तित्व अद्याप टिकून आहे का, याची दरवर्षी खातरजमा करायची होती. बाईंच्या जोडीला या खेपेला आणखी तीन सरदार येणार होते. सभेने चार मोठ्या, दातेरी चोचीच्या पाखरांची तरतूद केली आणि सगळे उलुगियाकडे पाहू लागले.

उलुगिया उठला. गावाच्या इतिहासातलं सर्वांत छोटं भाषण त्याने त्या दिवशी केलं.

"मी आणणार नाही," तो म्हणाला, आणि काठी मालाकीच्या मांडीवर ठेवून घरी गेला.

आता तो रानाच्या वाटेवर झापाच्या खोपटात बसतो. येणारे-जाणारे त्याच्याकडून हा सगळा किस्सा ऐकतात. खात्याचे लोक येतात, पाद्री येतात, दुर्बिणी लटकवलेले परदेशी येतात. सगळे हळहळतात, माना हलवतात. मग हळूच जवळ सरकून प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो: चवीला लागतो कसा हो तो? रानात अजून एखादा उरलाय का, हे अजून कुणी विचारलेलं नाही.

उलुगिया रागावत नाही. रानाची वाट विचारली, की अशा माणसाला तो हसून उलटी वाट दाखवतो. तुम्ही कधी गेलात, तर तुम्हालाही तीच दाखवेल. कारण बाईंनी पान संपवलं तेव्हा तुमच्या मनात काय आलं होतं, ते तुम्हाला ठाऊक आहे.