विमल मावशी आणि बिनकामाचं पाणी

माझी विमल मावशी माणूस भेटला की नमस्कार करत नाही. अंगठ्याने त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढते, आतला रंग बघते आणि निकाल देते. "पांढरंफट्ट! रक्त नाई अंगात. शेवग्याचा पाला खात जाय." निकाल चांगला असेल तर नुसतं "हं, लाल हाये" म्हणते आणि मग कुठे तुमचं नाव-गाव विचारते.

माझ्या लग्नात तिने नवरदेवालाही सोडलं नव्हतं. अंतरपाट धरायच्या आधीच प्रशांतची पापणी ओढून झाली. त्या बिचाऱ्याला वाटलं, ही आमच्याकडची काही रीत असेल. त्याने मान वळवून दुसराही डोळा पुढे केला.

मावशी माझ्या आईची थोरली बहीण. जन्मभर धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावांमध्ये नर्स होती. त्या गावांत तिला विमल कोणी म्हणत नसे, 'सुईवाली बाई' म्हणत. लग्न केलं नाही. काऊन नाही केलं म्हणून विचारलं, तर "सवड नाई भेटली" असं सांगते, जणू दाताच्या डॉक्टरकडे जायचं राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाली आणि धानोऱ्यातच एक खोली घेऊन राहिली.

यंदा प्रशांतने अंदमानची सहल ठरवली. आम्ही दोघं, नऊ वर्षांची चिनू आणि सहा वर्षांचा ओजस. मुलांनी हट्ट धरला की मावशीआजीलाही न्यायचं. मी फोन केला.

"तिथी दवाखाना हाये का?" मावशीने विचारलं.

"असेल की."

"असेल म्हणजे? तुले पक्कं माहीत नाई अन् लेकरं घेऊन निघाली? थांब. मी येते."

अशी ती आली. बल्लारपूरहून चेन्नईच्या गाडीत बसलो आणि वरंगळ यायच्या आत आमच्या डब्यातल्या निम्म्या लोकांच्या पापण्या तपासून झाल्या होत्या. चेन्नईच्या विमानतळावर मात्र माझा जीव वर-खाली झाला. तपासणीवाल्या बाईने मावशीची पिशवी उघडायला लावली. आतून मीठ-साखरेच्या पाण्याची चाळीसेक पाकिटं, पट्ट्या, तीन नेलकटर, गळ्यात घालायची शिट्टी आणि जवसाच्या चटणीचा डबा निघाला. "ये सब क्या है?" असं त्या बाईने विचारलं, तेवढ्यात मावशीचा अंगठा तिच्या डोळ्याखाली पोचलाही होता. मी डोळे मिटून घेतले. उघडले तर दोघी हसत होत्या. "डॉक्टर भी यही बोला," ती बाई म्हणत होती. मावशी पिशवी बंद करत मला म्हणाली, "डॉक्टरच्या आधी म्या सांगतलं असतं."

पोर्ट ब्लेअरहून त्या लहानशा बेटावर जायला बोट होती. समुद्र खवळलेला होता. अर्ध्या तासात सगळी बोट पिशव्या तोंडाला लावून बसली. सर्वांत आधी प्रशांत. मावशी तेवढी ठणठणीत. एका हाताने दांडी धरून, दुसऱ्या हातात मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली घेऊन ती ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत होती. "घोट घोट प्या. एकदम नाई ढोसाचं." बोट धक्क्याला लागली तेव्हा लोक तिच्या पाया पडायचे बाकी होते. तिचा चेहरा खुलला होता. "लय चांगली सहल हाये तुमची," ती म्हणाली.

बेट एवढंसं, सायकलवर अर्ध्या दिवसात फिरून व्हावं. नारळ, सुपारी, मधे भाताची खाचरं. ती बघून मावशी म्हणाली, "हे तं आपल्यासारखंच हाये." आम्ही एका बंगाली कुटुंबाच्या घरी उतरलो. घरमालकिणीची पापणी पहिल्याच चहाला तपासून झाली. समुद्र तिथून पाच मिनिटांवर. पण समुद्रात पाय ठेवायच्या आधी मुलांना मावशीचे नियम पाळावे लागले. "नखं काप, मंग समुद्र." दर पंधरा मिनिटांनी ती शिट्टी वाजवायची. मग सगळ्यांनी बाहेर येऊन बोटं दाखवायची. बोटांना सुरकुत्या पडल्या असतील तर सावलीत बसायचं.

दुसऱ्या दिवशी शिट्टी वाजली तर आमच्या दोन मुलांच्या मागे अजून सात-आठ पोरं रांगेत येऊन उभी राहिली. कोणाची कोण, देव जाणे. शेवटी एक लालबुंद झालेला गोरा माणूस उभा होता. त्यानेही दोन्ही हात पुढे केले. मावशीने त्याची बोटं पाहिली, पाठ पाहिली आणि त्याला सरळ नारळाच्या झाडाखाली नेऊन बसवलं.

ती स्वतः मात्र पाण्यात आली नाही. ओल्या वाळूपर्यंतसुद्धा नाही. पायात चप्पल, कोरड्या वाळूवर उभी. मुलं पदर ओढायची, "मावशीआजी, ये ना!" ती म्हणायची, "मले काम हाये."

तिसऱ्या दिवशी भांडण झालं. ओजसला पाण्याची फार धास्ती होती. त्या सकाळी प्रशांतने त्याला हातांवर झेलत झेलत पाण्यावर तरंगायला शिकवलं. ज्या क्षणी प्रशांतने हात काढून घेतले आणि ओजस तरंगला, नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. ओजस दचकला, नाकातोंडात पाणी गेलं आणि तो रडत बाहेर आला. "मी आता परत जाणार नाही." चिनू फणकारली, "मावशीआजी, तू सगळी मजा घालवते!"

मीही तापलेच होते. म्हणाले, "मावशी, आम्ही इथे सुट्टीवर आलो. हे तुझं लसीकरण शिबिर नाही. तुला मजा करता येत नसेल तर आम्हाला तरी करू दे."

मावशीने शिट्टी गळ्यातून काढली. दोरी बोटांभोवती नीट गुंडाळली आणि पिशवीत टाकली. "बरोबर हाये तुहं," एवढंच म्हणाली.

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शेवटच्या सकाळी, तिने कोणाचीच पापणी पाहिली नाही. घरमालकिणीने पुऱ्या वाढता वाढता आपणहून चेहरा पुढे केला, तर मावशी ताटाकडे बघत म्हणाली, "ठीक हाये."

समुद्रावर गेलो. ती नारळाच्या पडलेल्या खोडावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

"मावशी, चुकलं माहं."

"तुहं काय चुकलं? निवृत्त बाईनं शिट्टी वाजवाचीच काऊन?"

"तुले पाण्याची भीती वाटते का व?"

ती खळखळून हसली. "भीती? अवं, पावसाळ्यात नाले भरले का छातीपर्यंत पाणी राहे. लसीचा डबा डोक्यावर धरून जात होती मी. एकदा चप्पल वाहून गेली, एकदा छत्री. पल्याड बाया लेकरं घेऊन उभ्या राहत. लेकरं मले पाहून भोकाड पसरत अन् बाया हात देऊन मले वर ओढत."

"मग इथी काऊन नाई उतरत?"

तिने पायांजवळची वाळू चपलेने सारखी केली.

"तिथी पल्याड कोणीतरी वाट पाहून राहे," ती म्हणाली. "इथी पाह्य ना. पल्याडच नाई दिसून राह्यलं. कायले उतरू?" मग, रुग्णाचा ताप सांगावा तशा सरळ आवाजात म्हणाली, "घरी बी तसंच हाये. सकाळी उठते, आंघोळ करते, साडी नेसते. मंग ध्यानात येते का कुठी जाचंच नाई."

तिच्या एकटीच्या खोलीत मी दोन वर्षांत किती वेळा गेले, ते मनातल्या मनात मोजत होते. दोनदा.

मागे काहीतरी पडल्याचा आवाज झाला. चिनू आमच्या पाठीशी बादली घेऊन उभी होती, ती केव्हापासून, कोणास ठाऊक. बादली वाळूत टाकून ती पळत सुटली. कमरेएवढ्या पाण्यात प्रशांत एकटाच पोहत होता. त्याच्यापाशी जाऊन ती आमच्याकडे तोंड करून उभी राहिली.

"मावशीआजी!" ती ओरडली. "मी पल्याड आली! वाट पाहून राह्यली मी!"

चिनू घरी, शाळेत कधी मावशीसारखी अशी बोलत नाही. मावशीने मान वर केली.

ओजस काठावर शंख वेचत होता. काय चाललंय ते त्याला कळलं नसावं, पण ताई ओरडते म्हणजे आपण मागे राहायचं नाही, एवढं त्याला कळतं. कालची धास्ती विसरून तोही पाण्यात शिरला. प्रशांतने त्याला उचलून घेतलं. त्याच्या कडेवरून ओजसने बोंब ठोकली, "मावशीआजी, लवकर ये! मला खूप ताप आला आहे!"

मावशी उठली. चपला जोडीने काढून ठेवल्या, साडी वर खोचली आणि चालू लागली. ओली वाळू, मग फेस, मग गुडघे. पहिली लाट अंगावर फुटली तशी "खारट हाये व माय!" म्हणून ओरडली, पण थांबली नाही. नाला ओलांडणाऱ्या बाईची चाल होती ती, एकेक पाय चाचपून टाकत, नजर समोरच्या माणसांवर.

पोचल्यावर तिने ओजसच्या कपाळाला हात लावला.

"कुठी हाये ताप?"

"गेला," ओजस म्हणाला. "तू आली ना."

मावशी तिथे पाण्यात उभी राहिली. करण्यासारखं आता काहीच नव्हतं. दोन्ही हात रिकामे, साडी भिजून पायांना चिकटलेली. जरा वेळाने ती वाकली, ओंजळ भरली आणि चिनूच्या तोंडावर पाणी उडवलं.